राजमणीबाईंना न लागणारी गाडी

आमच्याकडे गाडी भाड्यानं घ्यायला माणूस आला, की आधी घरातली भांडणं सांगतो. सासऱ्यांना पुढची सीट हवी, मेव्हण्याला खिडकी हवी, बायकोला एसी सोसत नाही आणि आईला एसीशिवाय चालत नाही. हे सगळं ऐकून घ्यायचं आणि शेवटी या मंडळींना परत येईपर्यंत एकमेकांचं तोंड बघवेल अशी गाडी द्यायची, हे माझं काम. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या ऑफिसात मी उमेदीची सगळी वर्षं त्यात घालवली. मिस्टर गाड्यांच्या खाली असायचे आणि मी टेबलामागं. आता मिस्टर नाहीत. कारभार सून बघते, आणि मी ‘नुसती बसायला’ म्हणून रोज जाते. सून म्हणते, आई नुसत्या बसल्या तरी एक गिऱ्हाईक परत जातं. जातं ते मी “ही गाडी तुम्हाला नको” असं सांगते म्हणून.

अलीकडं हे वाक्य मला फार वेळा म्हणावं लागतं, कारण सुनेनं हायब्रिड गाडी घेतली. गाडी देखणी, मोत्यासारख्या पांढऱ्या रंगाची. आत येणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघतो आणि मग ठरलेला प्रश्न विचारतो, “चार्जिंग कुठं करायचं?”

कुठंच करायचं नाही. या गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं, आणि जोडीला बॅटरीवर चालणारी मोटर. गाडी हळू असली, गर्दीत रखडली की मोटर ओढते आणि इंजिन गप्प बसतं. वेग वाढला की इंजिन कामाला लागतं. ब्रेक मारला, उतार लागला, की बॅटरी आपली आपण भरते. तुम्ही फक्त पेट्रोल टाकायचं. एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, “म्हणजे घेऊ का नको?” त्याचं उत्तर मात्र गाडीत नसतं, तुमच्या प्रवासात असतं. पुण्यात पोहोचून तिथल्या गर्दीतच दिवसभर फिरायचं असेल तर जरूर घ्या, पेट्रोल पुष्कळ वाचतं. हायवेला लागून थेट हैदराबाद गाठायचं असेल तर वाचतं थोडं आणि भाडं जातं जास्त. सात माणसं आणि लग्नाचं सामान असेल तर विचारच सोडा, आमच्या गाडीत बॅटरीनं मागची बरीच जागा खाल्ली आहे.

या गाडीचा मोठा गुण म्हणजे ती आवाज करत नाही, आणि मोठा दोषही तोच. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर आमचं एक गिऱ्हाईक मेंढरांच्या कळपात अडकलं. पुढं मेंढरं, मागं गाडी, आणि मेंढरं काही बाजूला होईनात. हॉर्न वाजवला तर बिथरतील म्हणून हे बिचारे हळूहळू मागून सरकत राहिले. शेवटी मेंढपाळानं मागं वळून विचारलं, “वो पावनं, गाडी बंद पडली का? ढकलू का?” चालू आहे म्हटल्यावर तो बॉनेटला कान लावून उभा राहिला आणि म्हणाला, “आवाज न्हाय तर मेंढरांनी सरायचं कशाला?” त्याचं बरोबर होतं. जुळे सोलापूर भागातल्या एका गृहस्थांनी तर ती गाडी मंगल कार्यालयाबाहेर लावली आणि बंद करायलाच विसरले. आवाज नाही, त्यामुळे त्यांना वाटलं बंदच आहे. आत एसी चालू. नवरीचे मामा उन्हानं हैराण होऊन सावली शोधत होते, त्यांना ही थंडगार उघडी गाडी सापडली. इकडं मुहूर्ताला मामांच्या नावानं पुकारा चाललेला, आणि मामा मागच्या सीटवर घोरत पडलेले.

आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर बसप्पा यांचं या गाडीशी पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. बसप्पा अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी. हयात डिझेलच्या जीपगाड्यांवर गेलेली. “ताई, गाडी म्हंजे कशी बोलाय पायजे,” ते म्हणायचे. “ही मुकीच की. हिच्या मनात काय हाय ते मला कसं कळायचं?”

अशा दिवसांत पद्मा आली. ही पुण्यात नोकरी करणारी मुलगी, माहेर सोलापूरचं, तेलुगू विणकरांच्या घरातलं. आठवड्याची रजा काढून आली होती. सोबत तिचे वडील अंबादास. त्यांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं आणि त्या खडखडाटात कान गेले, त्यामुळं ते सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं बोलायचे.

“मोठी डिझेल गाडी द्या,” पद्मा म्हणाली. “नारायणपेठला जायचंय. मीच चालवीन. आईला मावशीकडं न्यायचंय.”

“तुझी आई येणार न्हाय!” अंबादास ओरडले.

“बाबा, हळू.”

“हळूच बोलतोय की!”

नारायणपेठ म्हणजे साड्यांचं गाव, अक्कलकोट, गुलबर्गा ओलांडून तेलंगणात. सोलापूरच्या विणकरांची तिकडं सोयरीक असते. पद्माच्या आईची, राजमणीबाईंची, थोरली बहीण तिथं दिलेली. मी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला गाडी लागते का?

पद्मा हसली, पण तिचा चेहरा उतरला. “त्यासाठीच तर आलेय,” ती म्हणाली.

राजमणीबाईंना गाडी लागायची ती साधीसुधी नव्हे. डिझेलचा वास आला, इंजिनची थरथर पायाला जाणवली, की पोटात ढवळायला सुरुवात. रिक्षात बसून बाजारापर्यंत जायच्या, त्यापुढं नाही. नारायणपेठच्या अक्का दर दिवाळीला स्वतः सोलापूरला यायच्या, म्हणून दोघींची भेट व्हायची. आदल्या वर्षी अक्कांचे यजमान गेले. निरोप आल्याबरोबर राजमणीबाई जीपमध्ये बसल्या. उलट्या करत करत अक्कलकोटपर्यंत गेल्या आणि तिथं त्यांना अक्षरशः उचलून खाली घ्यावं लागलं. सलाईन लावून परत आणलं. थोरल्या बहिणीच्या एवढ्या मोठ्या दुःखात त्या पोहोचू शकल्या नाहीत. तेव्हापासून अक्कांनी घराबाहेर पडणं सोडलं होतं. दिवाळीलाही आल्या नाहीत. फोनवर “हो”, “नाही”, “जेवले” एवढंच बोलायच्या.

“अम्मा रोज फोन ठेवते आणि रडते,” पद्मा म्हणाली. “मला काही करून तिला तिथं न्यायचंय.”

मी तिला हायब्रिडबद्दल सांगितलं. खरं तेच सांगितलं. हायवेवर पेट्रोल फार वाचणार नाही, भाडं जास्त पडेल, सामान बेतानं घ्यावं लागेल.

“मग का घ्यायची?” पद्मानं सरळ विचारलं.

“डिझेलचा वास नाही आणि गर्दीत, गावातून जाताना इंजिनची थरथर नाही, म्हणून. गाडी औषध नव्हे, पोरी. लागायचीच असली तर हीही लागेल. आधी आईला अक्कलकोटपर्यंत फिरवून आणू, मग ठरव. आणि तू चालवू नकोस, आईकडं लक्ष दे. बसप्पा येतील.”

बसप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्यांना बैलगाडीला जुंपलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजमणीबाई आल्या. बारीक चणीच्या, हातात लिंबू आणि आवळासुपारीची डबी. गाडीत पुढं बसण्याआधी त्यांनी दारातून आत नाक घालून वास घेतला आणि पद्माकडं बघून मान हलवली. वास नव्हता. गाडी निघाली. मी ऑफिसात बसून देवाचं नाव घेत होते म्हटलं तरी चालेल.

दहा वाजायच्या आत गाडी परत आली. वळसंगला उलटी झाली होती. राजमणीबाई उतरल्या त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. “तुमची गाडी चांगली आहे हो,” त्या मलाच समजावू लागल्या. “माझंच पोट नतद्रष्ट. राहू द्या आता.”

पद्मा काच पुसत होती. पुसायला काही नव्हतंच.

मी बसप्पांना बाजूला घेतलं. मला एक शंका होती. ही गाडी चालवताना ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन काढला, की ती मागून कुणी ओढावी तशी अडते, कारण त्याच वेळी ती बॅटरी भरून घेत असते. बसप्पांची सवय जीपची. दाबला पाय, सोडला पाय. शेजारी बसलेल्याची मान सारखी पुढं-मागं होणार.

“म्हंजे माजा पाय वाईट?” बसप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण डोळे लाल झाले होते. “ताई, आजवर एकाचं तरी गाऱ्हाणं आलं का?”

“नाही आलं. पाय चांगलाच आहे. पण ही गाडी वेगळी आहे.”

ते किल्ली टेबलावर ठेवून निघून गेले. मला वाटलं, आता हा माणूस काही या गाडीला शिवत नाही. पण संध्याकाळी ते परत आले. “गाडी घिऊन जातो जरा,” एवढंच म्हणाले.

पुढची गोष्ट मला सुनेनं सांगितली, कारण ती जुळे सोलापूरला राहते आणि तिनं ती गॅलरीतून बघितली. बसप्पा तिथल्या रिकाम्या रस्त्यांवरून गाडी फिरवत होते, आणि शेजारच्या सीटवर त्यांची बायको गंगव्वा डोक्यावर पदर घेऊन बसली होती. गाडी वळली, थांबली, निघाली, आणि दर वेळी गंगव्वाचा आवाज येत होता, “सावकाश होग्री! सावकाश!” म्हणजे हळू चला.

दुसऱ्या दिवशी मी बसप्पांना विचारलं. ते म्हणाले, “तिलाबी लागती, ताई. गाडी.”

“गंगव्वांना? कधीपासून?”

“पयल्यापासून म्हनं. मलाच ठाव नव्हतं.” ते किल्लीशी चाळा करत राहिले. “मी तिला कदी बसवलीच न्हाय की. लोकांच्या बायका-पोरं गाणगापूर, तुळजापूर सगळं फिरवून आनलं. घरची तेवडी ऱ्हायली.” थोड्या वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. “आता पाय बसला. तिनं शेवटच्या चकराला डोळं मिटून झोप काडली.”

गंगव्वा झोपली ही बातमी मी पद्माला फोन करून दिली. राजमणीबाई तयार होईनात. शेवटी म्हणाल्या, “त्या ऑफिसातल्या बाई सोबत आल्या तर येते.” त्यांना काय वाटलं कोण जाणे, बहुतेक गाडीची मालकीण गाडीत असली की गाडी नीट वागेल असं वाटलं असावं. मी सुनेकडं बघितलं. ती म्हणाली, “जा की आई. नाही तरी तुम्ही नुसत्याच बसता.”

इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण गिऱ्हाइकाबरोबर मी कधी गेले नव्हते. आमच्या इथून गाडी जाते आणि आमच्या इथं परत येते. पायपुसण्यावर वाळू असली तर समजायचं नदीकाठी गेले होते, सीटखाली अक्षता सापडल्या तर लग्न झालं. त्या माणसांना तिथं काय मिळालं, ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते झालं का, हे आम्हाला कळत नाही. याची मला कायम चुटपुट वाटत आली. म्हणून त्या दिवशी मी खुशीत गाडीत बसले.

राजमणीबाई पुढं, मागं पद्मा, अंबादास आणि मी. बसप्पा गाडी अशी चालवत होते, की जणू शेजारी भरलेली घागर ठेवली आहे. अंबादास मधूनमधून पुढं वाकून ओरडायचे, “आली का उलटी?”

“बाबा!”

“विचारू पण नको का?”

वळसंग गेलं. राजमणीबाईंनी डोळे मिटून घेतले आणि लिंबू नाकाशी धरलं. पुढं बराच वेळ तशाच होत्या. मग डोळे न उघडता त्यांनी विचारलं, “अक्कलकोट आलं का?”

“मगाशीच मागं गेलं, आई,” बसप्पा म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. सरळ रस्त्याकडं बघत राहिल्या. त्या रस्त्यावर याच्यापुढं त्या कधी आल्याच नव्हत्या. दोन्ही बाजूंना तुरीची रानं सुरू झाली होती. “किती मोठं आहे हो इकडं,” त्या हळूच म्हणाल्या, आणि मग लहान मुलीसारखी एकेक पाटी वाचू लागल्या. पाट्या कानडीत असल्या की बसप्पा वाचून दाखवायचे. हायवेवर इंजिन बोलायला लागलं तेव्हा त्या दचकल्या. बसप्पांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. इंजिन कधी लागतं, मोटर कधी ओढते, बॅटरी कशी भरते. ज्या गाडीला ते मुकी म्हणत होते तिचं एवढं कौतुक त्यांच्या तोंडून ऐकून मी खिडकीबाहेर बघत हसू दाबलं. गुलबर्ग्याच्या पुढं राजमणीबाईंनी स्वतःहून चहा मागितला.

नारायणपेठच्या त्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा इंजिन पुन्हा गप्प झालं होतं. गल्ली अरुंद, दोन्हीकडं बसकी घरं, कुठंतरी हातमागाचा ठोका ऐकू येत होता. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी बाई रस्त्याकडं पाठ करून डाळ निवडत बसली होती. गाडी तिच्या मागं येऊन थांबली, पण तिला पत्ताच नाही. राजमणीबाई उतरल्या. पद्मा पुढं व्हायला लागली तशी त्यांनी हातानंच तिला थांबवलं.

“अक्का,” त्या म्हणाल्या.

“एवरू?” बाईंनी न वळताच विचारलं. कोण आहे?

राजमणीबाई ओट्यावर चढल्या. तेव्हा बाई वळल्या. बघत राहिल्या. मांडीवरचं सूप कलंडून डाळ ओट्यावर सांडली.

मग त्या तेलुगूत काहीतरी म्हणाल्या, राजमणीबाईंनी मान हलवून नाही म्हटलं, आणि बाईंनी उठून त्यांच्या साडीचा पदर उलटसुलट करून तपासला. पद्मा रडता रडता हसायला लागली. मी विचारलं, काय म्हणाल्या?

“मावशी म्हणतेय, ओकलीस का? अम्मा नाही म्हणते. मावशी म्हणतेय, खोटं बोलू नकोस.”

त्यानंतर दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून जे रडल्या, ते बघायला गल्ली गोळा झाली. अंबादासांनी खाली बसून सांडलेली डाळ सुपात भरायला घेतली. बसप्पा उगाच गाडीभोवती फिरून टायर बघत होते.

दोन दिवसांनी परत निघायच्या वेळी राजमणीबाई म्हणाल्या, मी राहते. अक्का अजून ओट्याखाली पाऊल टाकत नव्हत्या. धाकटी आल्यावर चार घास जास्त जेवल्या, बोलू लागल्या, पण देवळापर्यंतसुद्धा येईनात. पद्माची रजा संपली होती. अंबादासांनी “माझ्या जेवणाचं काय?” म्हणून ओरडून घेतलं आणि सोलापुरातच वेगळ्या राहणाऱ्या मुलाच्या घरी राहायचं कबूल केलं. मी राजमणीबाईंना सांगून ठेवलं, यायचं असेल तेव्हा नुसता फोन करा. बसप्पा हीच गाडी घेऊन येतील.

फोन आला नाही. महिना होऊन गेला. मी दोनदा विचारलं तर म्हणाल्या, “सांगते, सांगते.”

आणि एका दुपारी मी ऑफिसात बसले असताना दारात रिक्षा थांबली. रिक्षातून राजमणीबाई उतरल्या. तोंड पांढरं फटक, केस विस्कटलेले, साडीला डाग. त्यांच्या मागून एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन अक्का उतरल्या. मी धावत गेले. दोघींना आत आणून पंख्याखाली बसवलं. सुनेनं पाणी आणलं.

“कशा आलात?”

“बसनं,” राजमणीबाई म्हणाल्या. “गुलबर्ग्याला बदलून.”

“बसनं?” मी म्हटलं. “अहो, मी गाडी पाठवली असती ना! कबूल केलं होतं. फोन का नाही केला?”

अक्का एव्हाना उठून बाहेरच्या हायब्रिड गाडीच्या काचेतून आत बघत होत्या. तेवढ्यात सुनेनं पद्माला फोन लावून दिला होता. पलीकडून तिचा आवाज मला ऐकू येत होता. आईला बसनं येऊच कसं दिलं, म्हणून ती सगळ्यांना रागावत होती.

राजमणीबाईंनी फोन हातात घेतला, पण तोंडापासून दूर धरला आणि आधी मला उत्तर दिलं.

“तुमची गाडी आली असती तर अक्का म्हणाली असती, जा बाई आरामात. मी हितंच बरी.” त्यांनी तोंड पुसलं. “मी म्हटलं, बसनं जाते. एकटीच जाते. तशी ती उठली. म्हणाली, मग तुझी पिशवी कोण धरणार?”

आणि मग फोन कानाला लावून त्या लेकीला म्हणाल्या, “अगं, लई ओकले. सगळी वाट ओकत आले. मावशीला घेऊन आले.”